नकली कावळे, आवाजाचे यंत्र आणि लाकडी पिपाणी : मधुमक्याच्या शेतातला दोन हंगामांचा अनुभव

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत आमची ११ एकर जमीन आहे आणि त्यांपैकी ४ एकरांवर आम्ही दरवर्षी मधुमका लावतो. कणसे रस्त्याकडेच्या आमच्याच टपरीवर विकली जातात, त्यामुळे गिऱ्हाईक प्रत्येक कणीस हातात घेऊन, टोकाची साल थोडी सोलून, दाणे पाहूनच ते पिशवीत टाकते. टोकाला चोच लागलेले कणीस कुणी घेत नाही आणि त्यात गिऱ्हाइकाची काही चूक नाही, कारण कावळ्याने साल फाडली की दोनतीन दिवसांत तिथे बारीक भुंगेरे शिरतात, दाण्यांना बुरशी धरते आणि कणसाला आंबूस वास येऊ लागतो. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत झाडीला लागून असलेल्या १२ ओळींतली जवळजवळ निम्मी कणसे अशी वाया गेली, तेव्हा कावळ्यांना भुलवून बंदुकीच्या टप्प्यात आणण्यासाठी, म्हणजे त्यांच्या शिकारीसाठी, इथे जो संच मिळतो तो मी विकत घेतला. त्यात १२ नकली कावळे, प्लास्टिकचे एक घुबड आणि रिमोटवर चालणारे आवाजाचे यंत्र एवढे सामान होते व त्यासाठी मला २६० डॉलर पडले. तोंडाने वाजवायची लाकडी पिपाणी मी नंतर वेगळी घेतली, ती २२ डॉलरची. या घडणीचे संच बाजारात अनेक नावांनी मिळतात. मी इथे सांगतो आहे ते गुणदोष या प्रकारच्या मालाचे आहेत, म्हणून विकणाऱ्याचे नाव देत नाही.

संच घेण्यापूर्वी एक गोष्ट प्रत्येकाने तपासावी, ती म्हणजे चोर खरोखर कावळाच आहे का. मक्याचे ताट मोडून आडवे पडलेले असेल आणि कणीस जमिनीवर चावलेले असेल, तर ते काम रॅकून या रात्री फिरणाऱ्या, मांजराहून मोठ्या प्राण्याचे असते आणि त्यावर या संचाचा काडीचाही उपयोग नाही. लाल खांद्यांचे काळे पक्षी थव्याने येतात, ते कणसाच्या टोकाच्या सालीच्या चिंध्या करतात आणि वरचे थोडे दाणे टिपतात. कावळा ताट उभेच ठेवतो, साल पट्टीसारखी खाली ओढतो आणि कणसाचा एक भाग बऱ्याच खोलीपर्यंत साफ करतो. आमच्या शेतात हे तिसरे चित्र होते, शिवाय सकाळी साडेपाचला कुंपणाच्या खांबावर बसलेला राखणदार कावळा मी रोज पाहत होतो.

इथला कावळा आपल्या गावातल्या करड्या मानेच्या कावळ्यासारखा नसून अंगभर काळा, म्हणजे दिसायला डोमकावळ्याच्या जवळचा असतो. त्याचे वजन साधारण ४५० ग्रॅम भरते. उन्हाळ्यात तो कुटुंबाने राहतो : नर, मादी, त्या वर्षीची पिल्ले आणि पुष्कळदा आदल्या वर्षीची एकदोन मोठी झालेली पिल्लेही, जी आईबापांना धाकट्या भावंडांना वाढवायला मदत करतात. हिवाळ्यात मात्र हेच पक्षी शेकड्यांनी, हजारांनी एकत्र रात्र काढतात. ही दोन चित्रे डोळ्यांसमोर असल्याशिवाय हा संच कसा वापरावा ते कळत नाही. मला ते कळायला एक वर्ष लागले.

आता नकली कावळ्यांकडे वळतो, कारण माझी मुख्य तक्रार त्यांच्याबद्दलच आहे. ते पोकळ प्लास्टिकचे आहेत, आकार बरोबर आहे, चोचीची ठेवणही चांगली साधली आहे. परंतु त्यांची पाठ नव्या बुटासारखी चकाकते. खऱ्या कावळ्याच्या पिसांनाही तकाकी असते, पण ती जांभळट-निळसर आणि मंद असते व पक्षी हलला की सरकते. प्लास्टिकवर पडलेले ऊन पांढरे दिसते आणि एका जागी ठिपक्यासारखे थांबून राहते. पहिल्या सकाळी मी १२ च्या १२ कावळे मक्याच्या कडेला कापलेल्या गवतात मांडले, यंत्र सुरू केले, आणि पाच मिनिटांत पूर्वेकडच्या ओकच्या झाडीतून चार कावळे थेट माझ्या दिशेने निघाले. अंदाजे ६० यार्डांवर येईपर्यंत त्यांच्या उडण्यात काहीही संशय नव्हता. तेवढ्यात सूर्य कोठाराच्या छपराच्या वर आला, माझ्या समोरच्या सगळ्या पाठी एकदम चमकल्या, आणि ते चारही पक्षी हवेतच उभे राहिल्यासारखे होऊन मागे वळले. जाताना त्यांनी एक तुटक, घाईचा आवाज केला. त्यानंतर तो आवाज मी पुष्कळदा ऐकला आहे आणि आता तो ऐकला की त्या सकाळपुरते सामान आवरतो.

उपाय शेजाऱ्यांनी सुचवला. ते आमिश, म्हणजे जुन्या साध्या रीतीने राहणाऱ्या इथल्या एका ख्रिस्ती पंथाचे आहेत, वयाने माझ्या वडिलांएवढे, आणि लहानपणापासून आपल्या मक्यावर कावळे राखत आले आहेत. त्यांनी एक नकली कावळा हातात घेतला, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि तो परत देताना एवढेच म्हणाले की हा ओला दिसतो. त्या रविवारी मी प्रत्येक कावळा बारीक पॉलिश पेपरने घासला, त्यावर चकाकी नसलेल्या काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि डोक्यावर व शेपटीवर थोडी राख चोळली. पुढच्या शुक्रवारी त्याच जागी, त्याच वेळी कावळे २५ यार्डांपर्यंत आले. ज्यांना ही खटपट नको असेल त्यांनी मखमलीसारखा लेप दिलेले नकली कावळे घ्यावेत. ते महाग असतात आणि एकमेकांवर घासून त्यांचा लेप कोपऱ्यांवरून जातो, त्यामुळे ते पोत्यात एकत्र न कोंबता वेगवेगळे ठेवावे लागतात. तरी चकाकीचा प्रश्न मात्र त्यांत मुळातूनच सुटलेला असतो.

त्यांना जमिनीत रोवण्यासाठी दिलेल्या सळया निकृष्ट आहेत. जुलैतल्या कडक मातीत त्यांतल्या तीन वाकल्या, आणि जानेवारीत गोठलेल्या जमिनीत एकही शिरली नाही. मी आता एक जाड खिळा आणि हातोडी बरोबर नेतो, आधी भोक पाडतो आणि मग सळई घालतो. इतक्या किमतीच्या सामानात ही उणीव राहायला नको होती.

किती कावळे मांडावेत याबद्दल संचावर छापलेला सल्ला असा आहे की जितके अधिक तितके बरे. उन्हाळ्यात हे खरे नाही. त्या दिवसांत शेतात उतरणारे कुटुंब चारसहा पक्ष्यांचे असते, त्यामुळे १२ अनोळखी कावळे एका जागी बसलेले पाहून त्यांना ओढ वाटण्याऐवजी परक्या टोळीचा संशय येतो, असा माझा अनुभव आहे. मी पाचच मांडतो. त्यांतले तीन जमिनीवर, चोच खाली केलेले, एकमेकांपासून चारपाच पावलांवर. एक कुंपणाच्या खांबावर आणि एक उंच, वाळलेल्या फांदीवर राखणदार म्हणून. जमिनीवरच्यांची तोंडे साधारण वाऱ्याच्या दिशेला असावीत, पण सगळी अगदी समांतर नकोत. फांदीवरचा राखणदार मांडायला सर्वांत कटकटीचा असतो, कारण त्यासाठी लांब काठी आणि दोरी लागते. परंतु तो नसला तर बाकीच्यांवर कावळ्यांचा विश्वास बसत नाही. खरे कावळे राखणदाराशिवाय सहसा खायला उतरत नाहीत, हे गावाकडे अंगणात वाळवण राखणाऱ्या कुणालाही माहीत असते.

घुबडाविषयी थोडक्यात सांगतो. डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे तुरे असलेले मोठे घुबड हा इथल्या कावळ्यांचा रात्रीचा शत्रू आहे, झोपलेले कावळे आणि घरट्यातली पिल्ले ते उचलून नेते, म्हणून दिवसा ते दिसले की कावळे आरडाओरडा करत त्याच्यावर तुटून पडतात. संचातले घुबड वाऱ्याने मान हलवते आणि पहिल्या दोन वेळा त्याने कावळ्यांना खरोखरच खेचून आणले. मात्र ते चिडून डोक्यावर घिरट्या घालतात, उतरत नाहीत, त्यामुळे नेम अवघड होतो. तिसऱ्या खेपेला त्यांनी त्याच्याकडे लक्षच दिले नाही. पुष्कळ शेतकरी असे घुबड कोठाराच्या छपरावर कायमचे ठोकून ठेवतात. त्याच्या शेजारी निवांत बसलेला कावळा मी स्वतः पाहिला आहे. घुबड वापरायचेच असेल तर हंगामात एकदोनदाच, दहा मिनिटांसाठी बाहेर काढावे.

आवाजाचे यंत्र हा संचातला सर्वांत चांगला भाग आहे आणि किमतीतला मोठा वाटाही त्याचाच असावा. हातात मावेल एवढा भोंगा, त्याचा पट्टा आणि छोटा रिमोट अशी त्याची रचना आहे. भोंगा स्वतःपासून निदान २५ यार्ड दूर ठेवावा, कारण येणाऱ्या पक्ष्याची नजर आवाजाच्या मुळाकडे लागलेली असते आणि ती आपल्यावर नसणे हेच आपल्याला हवे असते. रिमोट १०० यार्डांवरून चालतो असे खोक्यावर लिहिले आहे. मोकळ्या गवतात ते खरे आहे, परंतु मक्याच्या दाट पानांतून ५० यार्डांपलीकडे तो दर वेळी दोनतीनदा दाबावा लागतो. आवाज पूर्ण वाढवला की भोंगा फाटक्या पत्र्यासारखा वाजतो, म्हणून निम्म्याच्या वर जाऊ नये. सुरुवात तर त्याहूनही हळू करावी, कारण जवळच्या झाडीत बसलेल्या पक्ष्याला मोठा आवाज दचकवतो. एक बारीक दोष मला महिनाभराने कळला. ध्वनिमुद्रण संपून पुन्हा सुरू होताना यंत्रात 'टक्' असा आवाज येतो. तेव्हापासून मी कुठलाही आवाज आपोआप फिरत ठेवत नाही. ३० सेकंद वाजवतो, थांबवतो, दोन मिनिटे ऐकतो.

यंत्रातल्या यादीत आवाज पुष्कळ आहेत, पण कोणता कधी वाजवावा याबद्दल पुस्तिकेत एक अक्षर नाही, आणि सगळे यश त्यावरच अवलंबून आहे. संकटात सापडलेल्या पिल्लाचा आवाज जुलैत विलक्षण परिणाम करतो, कारण त्या वेळी पिल्ले नुकती उडायला लागलेली असतात, आईबापांच्या मागे मागे फिरत असतात आणि त्यांतल्या एखाद्यावर काही ओढवणे अगदी शक्य असते. हाच आवाज मी जानेवारीत वाजवला तेव्हा कावळे फार उंचावरून एक फेरी मारून निघून गेले. हिवाळ्यात पिल्लू कुठून येणार, हे त्यांना माझ्याआधी उमगले होते. दुसरे असे की 'कावळ्यांची सभा' असे नाव दिलेल्या एका ध्वनिमुद्रणात खणखणीत 'काव'ऐवजी नाकातून काढलेला, आखूड 'अँह-अँह' असा आवाज आहे. तो मासेखाऊ कावळ्याचा आहे. ही जात वेगळी, दिसायला जवळजवळ तशीच आणि नदीनाल्यांच्या बाजूला आमच्या भागातही आढळणारी. आमच्या शेतातल्या कावळ्यांनी त्या सभेची दखल घेतली नाही. ज्याला कावळ्यांचे आवाज ओळखता येत नाहीत त्याला हा दोष कळणारही नाही आणि तो यंत्रालाच नावे ठेवील.

लाकडी पिपाणी ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त आणि मला सर्वांत प्रिय झालेली वस्तू आहे. शेजारी वीज वापरत नाहीत, त्यामुळे यंत्राचा प्रश्नच त्यांच्याकडे येत नाही. त्यांच्या खिशात अक्रोडाच्या लाकडाची जुनी पिपाणी असते आणि तिच्यावर ते कावळ्याशी बोलतात असेच म्हणावे लागेल. आतल्या पट्टीवर नुसती फुंकर घातली तर बदकासारखा चिरका आवाज निघतो. पोटातून दाबून, घशात गुरगुरत हवा सोडावी लागते, तेव्हा कुठे त्याला कावळ्याचा खरखरीतपणा येतो. मी तीन आठवडे रोज ट्रकमधून कामाला जाता-येता सराव केला, तेव्हा एक साधी हाक जमली. तिचा गुण असा की ती उत्तर देऊ शकते. कावळा दूरवरून तीन लांब 'काव' करतो, आपण थांबून तीन लांब 'काव' परत करतो, तो जवळ येऊन आवाज बदलतो, आपणही बदलतो. यंत्राला हे येत नाही; समोरचा काय म्हणतो आहे याची पर्वा न करता ते आपलेच वाजवत राहते. मी आता यंत्राने सुरुवात करतो, पहिला पक्षी दिसला की ते बंद करतो आणि पुढचे काम पिपाणीवर करतो. ज्याच्याकडे पैसे थोडे आहेत त्याने फक्त पिपाणी आणि लेप दिलेले चार नकली कावळे घ्यावेत, यंत्र घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

संचात लपणीसाठी काहीही दिलेले नाही आणि खोक्यावरच्या चित्रात तर शिकारी नुसता झाडाला टेकून बसलेला दाखवला आहे. यावर विसंबून राहू नये. वॉशिंग्टन विद्यापीठातले जॉन मार्झलफ आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली सिअॅटलमध्ये एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले व खुणेचे वाळे घालून सोडून दिले. त्यानंतर अनेक वर्षे तो मुखवटा घालून कुणीही चालले की कावळे त्याच्यामागे ओरडत येत, आणि त्यात पकडले न गेलेले कावळेही सामील होत. असा पक्षी आपल्या शेतात रोज आपला चेहरा पाहत असतो. मी मक्याच्या चार ओळी आत, ताटांना जाळी बांधून लपण करतो, चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आणि हातांत मोजे घालतो, आणि शेतात पाणी द्यायला जाताना घालतो ते कपडे व ती टोपी शिकारीच्या दिवशी मुद्दाम घरी ठेवतो. लपणीत शिरायचे ते उजाडण्यापूर्वी. एकदा मला दहा मिनिटे उशीर झाला आणि मला आत जाताना एकाच कावळ्याने पाहिले. ती सकाळ तिथेच संपली.

बंदुकीबद्दल लांबण लावत नाही. १२ गेजची बंदूक, ६ नंबरचे छर्रे, आणि ३० यार्डांच्या पलीकडे घोडा ओढायचा नाही, हा माझा नियम आहे, कारण जखमी होऊन झाडीत जाऊन पडलेला पक्षी शोधणे कठीण जाते आणि त्याला तसाच सोडणे मला मान्य नाही. कानांना आणि डोळ्यांना संरक्षण हवेच. पेनसिल्व्हेनियात राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत रहिवाशांच्या परवानगीवाचून बंदुकीने शिकार करता येत नाही, म्हणून लपणीची जागा ठरवताना आधी ते अंतर मोजावे.

कायद्याची बाजू सामानाच्या पुस्तिकेत असायला हवी होती, ती नाही, म्हणून इथे देतो. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा १९१८ चा आहे आणि मेक्सिकोशी झालेल्या करारातल्या बदलामुळे १९७२ पासून कावळाही त्याच्या कक्षेत आला. राज्यांना वर्षात जास्तीत जास्त १२४ दिवस कावळ्याची शिकार खुली ठेवता येते. आमच्या राज्याने ते दिवस शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे वाटून जुलैच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत पसरवले आहेत, त्यामुळे आठवड्यातले तीनच दिवस हाती असतात. रविवारची शिकार इथे पिढ्यान्‌पिढ्या निषिद्ध होती, तेव्हाही कोल्हा, कोयोट आणि कावळा एवढ्यांना त्यातून सूट होती. शिकारीचा परवाना लागतो आणि पहिला परवाना घेण्यापूर्वी प्रशिक्षणाचा वर्ग पुरा करावा लागतो. बदके आणि हंस यांच्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वापरायला बंदी आहे, कावळ्यासाठी मात्र ते चालतात; हे यंत्र दुसऱ्या पक्ष्यांवर वापरण्याचा मोह कुणालाही होऊ नये. मे महिन्यात कोवळी रोपे उपटली जातात त्या काळात हंगाम बंद असतो. तेव्हा पिकाचे प्रत्यक्ष नुकसान होत असेल तर वेगळ्या संघीय आदेशाखाली कावळ्यांचा बंदोबस्त करता येतो, पण आधी न मारण्याचे उपाय करून पाहावे लागतात, शिसे नसलेले छर्रे वापरावे लागतात आणि वर्षाचा अहवाल द्यावा लागतो. आम्ही मेमध्ये बंदूक काढत नाही. रोपे बोटभर होईपर्यंत मी आणि पत्नी आळीपाळीने बांधावर उभे राहतो.

आमच्या घरचा एक नियमही सांगायला हवा, कारण मराठी वाचकांच्या मनात तो प्रश्न आल्यावाचून राहणार नाही. भाद्रपदातल्या पितृपंधरवड्यात हंगाम खुला असला तरी मी शिकार करत नाही. माझ्या आजोबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता, तेव्हा वडिलांनी हात जोडून, सगळ्या भावंडांना सांभाळीन असे मोठ्याने म्हटले आणि मग तो शिवला. ते दृश्य मी आठ वर्षांचा असताना नदीच्या घाटावर पाहिले आहे. या पंधरवड्यात आम्ही मागच्या अंगणात पान ठेवतो आणि ज्या कुटुंबाला मी जुलैत हाकलले त्याच कुटुंबातला एखादा पक्षी ते खाऊन जातो. तोपर्यंत मधुमक्याची शेवटची तोडणीही होत आलेली असते, त्यामुळे पिकाचे काही अडत नाही. पत्नीचा पहिल्यापासून या शिकारीला विरोध आहे. मी मारलेल्या प्रत्येक पक्ष्याची नोंद वहीत करतो ती तिच्या सांगण्यावरून.

त्या वहीमुळेच मला या संचाबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळली. पहिल्या हिवाळ्यात, जानेवारी आणि फेब्रुवारीत, मी मक्याच्या धसकटांत सहा वेळा बसलो. शिकार म्हणून ते दिवस जुलैपेक्षा कितीतरी सोपे होते : थवे मोठे, कावळे भुकेले, आणि सभेचा खरा आवाज वाजवला की चहूबाजूंनी पक्षी येत. नकली कावळ्यांच्या पाठीवर दव गोठून पांढरा थर धरतो, तो दर अर्ध्या तासाने फडक्याने पुसावा लागला आणि यंत्राचे सेल थंडीने एका सकाळीत उतरले, एवढीच अडचण. मी ४१ कावळे मारले. पुढच्या जुलैत माझ्या १२ ओळींत पहिल्या आठवड्यात तेवढेच नुकसान होते जेवढे आदल्या वर्षी होते. कारण साधे आहे : हिवाळ्यातल्या त्या थव्यांत उत्तरेकडून, कॅनडाच्या बाजूने खाली आलेले पाहुणे फार असतात आणि वसंतात ते परत जातात. माझे कणीस फाडणारे कुटुंब वर्षभर झाडीत राहणारे होते आणि हिवाळ्यातल्या शिकारीने त्यांना बहुधा धक्काही लागला नव्हता. पीक वाचवायच्या नावाखाली मी ४१ पक्षी विनाकारण मारले, याचे मला अतिशय वाईट वाटते, आणि हा अभिप्राय लिहिण्याचे खरे कारण हेच आहे. विकणारे लोक हिवाळी शिकारीचीच छायाचित्रे दाखवून हा संच शेतकऱ्याच्या गळ्यात मारतात.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी संच फक्त कणसांत दूध भरण्याच्या काळात, साधारण पाच आठवडे, वापरला. एकूण पाच सकाळी बसलो, एका जागी दोनदा बसलो नाही, आणि ९ कावळे मारले. त्याचबरोबर दुसरा एक उपाय केला. मेलेला कावळा दिसला की बाकीचे जमतात, ओरडतात आणि त्या जागेपासून दूर राहू लागतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचे लोकही शहरातले थवे हलवण्यासाठी अशा मेलेल्या कावळ्यांच्या प्रतिकृती टांगतात. सळया मोडलेल्या तीन नकली कावळ्यांचे पाय मी तारेने बांधले, खऱ्या पिसांची एकेक जोडी पंखांना चिकटवली आणि ते बांबूवर उलटे, पंख लोंबतील असे, मक्याच्या टोकापेक्षा उंच टांगले. पहिल्या सकाळी झाडीत जो कालवा झाला तो घरापर्यंत ऐकू आला आणि त्यानंतर दहा दिवस त्या कोपऱ्यात एकही कावळा उतरला नाही. अकराव्या दिवशी एकजण येऊन खांबावर बसला, तेव्हा मी ते काढून दुसऱ्या कोपऱ्यात हलवले. हंगामाच्या शेवटी त्या १२ ओळींतली दहातले एक कणीस खराब निघाले. यात शिकारीचा वाटा किती आणि टांगलेल्या प्रतिकृतींचा किती, हे मला वेगळे करता येत नाही, परंतु पुढच्या वर्षी मी प्रतिकृतींनीच सुरुवात करणार आहे आणि त्या पुरल्या तर बंदूक कपाटातच राहील.

गावाकडे पुतण्याला हे कळले तेव्हा त्याने फोन केला, "काका, ते आवाजाचं यंत्र येताना घेऊन या की, इकडं ज्वारीवर पाखरांनी पार उच्छाद मांडलाय." मी त्याला स्पष्ट नाही म्हणालो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पाचव्या अनुसूचीत कावळा पूर्वी उपद्रवी प्राणी म्हणून होता, पण २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली आहे, तेव्हा जुन्या समजुतीवर कुणी चालू नये. शिवाय ज्वारीच्या कणसावर खरा त्रास पोपट आणि चिमण्यांचा असतो आणि त्यासाठी माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारा माणूस हाच उपाय अजून चांगला आहे. उलटे टांगलेले नकली कावळे मात्र भुईमुगाच्या काढणीच्या वेळी कावळ्यांसाठी करून पाहा, असे मी त्याला सांगितले आणि ते कसे बांधायचे याचे छायाचित्र पाठवले.

संपूर्ण संच मी कुणाला घ्यायला सांगणार नाही. ज्याच्या शेतात कावळ्यांनी नुकसान केल्याची खात्री पटली आहे, ज्याच्याकडे परवाना आहे आणि उजाडण्यापूर्वी उठून दोन तास न हलता बसण्याची ज्याची तयारी आहे, त्याने आवाजाचे यंत्र सुटे घ्यावे, पण दुकानातच ते वाजवून 'टक्' ऐकू येतो का ते पाहावे. नकली कावळे सहा पुरेत. घुबड घेऊ नये. पिपाणी घ्यावी आणि ती जून उजाडायच्या आत शिकून घ्यावी, कारण जुलैत मक्याला तुरे आल्यावर सरावाला वेळ मिळत नाही आणि शेतात चुकीच्या हाका मारल्या तर त्या कावळ्यांच्या लक्षात राहतात.

माझ्याकडचे सहा रंगवलेले कावळे आता कोठारात, जुन्या उशांच्या अभ्र्यांत एकेक गुंडाळून ठेवले आहेत. दोघांच्या पाठीवरचा रंग उडून खालचे प्लास्टिक पुन्हा दिसू लागले आहे, त्यांना जूनमध्ये नवा हात द्यावा लागेल.